मावा होऊन गेलेल्या शेळीला परत मावा कसा काय होतो?

कागलचा_शेळीवाला: वीसेक शेळ्या हायत आमच्याकडं. मागच्या साली करडांना मावा झालेला, ओठांवर सगळ्या खपल्या, आईला तोंड लावंनात, पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानं धू, बोरोग्लिसरीन लाव असं करून बरी झाली. आता त्यातल्याच दोघींना परत आलाय, कमी हाय पण आलाय. डॉक्टर म्हणाले हा देवीच्याच खानदानातला व्हायरस. पण देवी तर एकदा आली की परत येत न्हाई म्हणायची आजी, मग हे कसं?

मायक्रोस्कोपवाली: लबाड व्हायरस आहे हा, ऑर्फ म्हणतात. शाहू स्टेडियमवर मॅच रंगात आलीय आणि गॅलरीतनं कुणी रेफ्रीसारखी लांब शिट्टी मारली तर पोरं थबकतातच की, तसंच. शरीरात इंटरल्युकिन-10 नावाचा सिग्नल असतो, पेशींना सांगतो की बास आता, सूज आवरा. ऑर्फ तोच सिग्नल स्वतः बनवतो! त्याचं प्रोटीन मेंढीच्या इंटरल्युकिन-10 शी साधारण 80 टक्के जुळतं, म्हणजे कधीकाळी जनावराचाच जीन ढापलेला दिसतोय. पेशी गार पडल्या की याला वाढायला वेळ मिळतो. आठवण असते शरीराला, म्हणून तर दुसऱ्यांदा कमी होतो.

पेठेतला_पैलवान: म्हणजे शिट्टी पण चोरीची 😂

लॅबमधला_रात्रपाळीवाला: शिट्टीवरच भागत नाही. जीएम-सीएसएफ आणि इंटरल्युकिन-2 हे "या, लढा" म्हणणारे सिग्नल, त्यांना चिकटून अडवणारं प्रोटीन पण सोडतो हा, आणि रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफची पण नक्कल करतो, त्या गाठी हात लागला की भळाभळा रक्त येतं ना ते त्याच्यामुळंच. आणि हा एकटाच नाही, माणसातला एपस्टाईन-बार व्हायरस पण इंटरल्युकिन-10 ची नक्कल करतो, 1990 मध्येच कळलंय ते.

मायक्रोस्कोपवाली: हो, जीएम-सीएसएफचं राहिलंच माझ्याकडनं. @कागलचा_शेळीवाला हातमोजे घालताय ना औषध लावताना? माणसाला पण होतो हा.

कागलचा_शेळीवाला: आता सांगताय व्हय, अंगठ्यावर महिन्याभरापासनं गाठ हाय, मला वाटलं काटा मोडलाय.

मायक्रोस्कोपवाली: बहुतेक तेच असणार, पण दाखवून या, शेळ्या आहेत हे डॉक्टरांना आधी सांगा. साधारण सहा आठवड्यांत आपोआप जाते, फोडू नका. आणि गोठ्यात पडलेल्या खपल्या गोळा करून जाळा, कोरड्या जागी त्यात व्हायरस कैक महिने तग धरतो.