नर्सेसचा बर्नआउट: आधी माणसं भरायची, की आधी ड्युटीचा तक्ता सुधारायचा?

होटगीरोडकर
सोलापुरात सिस्टरांच्या बर्नआउटचा, म्हणजे कामाच्या ताणाने येणाऱ्या सततच्या थकव्याचा, विषय निघाला की गाडी योगशिबिरावर येऊन थांबते. माझ्या मते नर्सेसचा आकडा सोडून बाकी सगळं दुय्यम. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयाच्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक नर्स असा आहे, शिवाय रजा भरून काढायला 30 टक्के जादा नर्सेस राखीव. हा निकष दर पाळीला धरला तर 30 खाटांना दर पाळीत 6, तीन पाळ्यांना 18, राखीव धरून 23-24. त्या राखिवातल्या तिघी साप्ताहिक सुट्ट्या भरून काढण्यातच संपतात. प्रसूती रजा, आजारपण, किरकोळ रजा उरलेल्या दोन-तिघींत बसवायची. रात्री एकटी सिस्टर तीस पेशंट बघत असेल, तर तिला प्राणायाम शिकवणं अन्याय आहे. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांच्या 2002 च्या पेन्सिल्व्हेनियातल्या अभ्यासात नर्समागे एक रुग्ण वाढला की बर्नआउटची शक्यता 23 टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या मृत्यूची 7 टक्क्यांनी.

पाळीपत्रक
आकडा मान्य. ‘बाकी दुय्यम’ अजिबात मान्य नाही. सकाळ 8 ते 2, दुपार 2 ते 8, रात्र 8 ते 8 असा तक्ता घ्या. दुपार करून लगेच सकाळ लावली, तर कागदावर मध्ये 12 तास दिसतात. प्रत्यक्षात ओव्हर (पुढच्या पाळीला पेशंटची माहिती) देता देता नऊ वाजतात, मोहोळ-अक्कलकोटची एसटी धरून घरी पोचायला साडेदहा, आणि पहाटे पाचला उठायचं. त्यात नळाला पाणी यायचा दिवस असला की झोप गेलीच. क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकता ठेवा. सलग तीनपेक्षा जास्त रात्री नकोत, त्यानंतर दोन दिवस मोकळे द्या, तक्ता महिनाभर आधी लावा.

होटगीरोडकर
ते दोन मोकळे दिवस कुणाच्या जिवावर? राखीव माणूस नसेल तर हा तक्ता पहिल्या आजारपणात कोसळतो आणि हजर असलेलीला डबल ड्युटी लागते.

चाळीसखाटा
छोट्या खासगी रुग्णालयांचंही ऐका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणी नर्सला महिना किमान 20,000 पगार सुचवला. पण महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेत उपचारांची पॅकेजं ठरलेली असतात. वरचा खर्च विडी वळणाऱ्या बाईच्या बिलात टाकायचा का? त्याआधी नर्सिंग नसलेलं काम नर्सच्या हातून काढा: सिलिंडर मागवणं, सॅम्पल लॅबला नेणं, औषधांचा इंडेंट (मागणीपत्र), क्लेमची कागदपत्रं. एक क्लार्क आणि एक मामा (वॉर्डबॉय) यांत भागतं.

परिसेविका
कामं काढा, जरूर काढा. पण पगाराचा मुद्दा त्यात बुडवू नका. दोन वर्षांचा अनुभव झाला की मुलगी पुण्याला नाहीतर आखातात जाते. जागेवर नवखी येते आणि तिला व्हेंटिलेटर, इन्फ्यूजन पंप शिकवायचं ओझं जुन्या सिस्टरवर, तिचे स्वतःचे पेशंट तेवढेच ठेवून. आधी जळते ती हीच.

आणि मोजल्याशिवाय वाद घालू नका. बर्नआउट मोजायच्या मास्लाक प्रश्नावलीत 22 प्रश्न आहेत: भावनिक थकव्याचे 9, रुग्णाबद्दलच्या कोरडेपणाचे 5, कामातल्या समाधानाचे 8. तिन्हींची बेरीज एकत्र करायची नाही, कारण नुसता थकवा वाढला असेल तर नजर पाळ्यांवर आणि संख्येवर जायला हवी. कोरडेपणा वाढला असेल तर नातेवाइकांच्या शिवीगाळीवर. तेलुगू-कन्नड बोलणारा पेशंट आणि मराठीच येणारी सिस्टर, यातूनही खटके उडतात. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्धच्या 2010 च्या महाराष्ट्राच्या कायद्यात नर्सवरच्या हल्ल्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण तक्रार संस्थेने द्यायला हवी, एकट्या मुलीवर सोडून चालत नाही. प्रश्नावली बिननावाची ठेवा आणि मेट्रनच्या हातून गोळा करू नका, नाहीतर सगळ्या ‘ठीक आहे’ लिहितील.

चाळीसखाटा
नवखीला शिकवताना जुनीचे पेशंट कमी करायचे, हे पटलं. पहिले तीन-चार आठवडे तरी ते जमवता येईल. 20,000 बद्दल मात्र मत बदललेलं नाही. आधी पॅकेजचे दर वाढवा.