सातवी फुल डिस्टन्स ट्रायथलॉन रेस आणि यावेळी भीती पहिल्यापेक्षा जास्त, असं का?

लांबपल्ला:
रविवारी रेस आहे. ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि त्यावर अख्खी मॅरेथॉन, कटऑफ १७ तास. सहा वेळा केलंय, एकदाही अर्धवट सोडलेली नाही. पहिल्या वेळी पण पोटात गोळा आला होता, पण तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय हेच माहीत नव्हतं. आता सगळं माहितीये आणि तेच जड जातंय. सायकलवर १३० च्या पुढे मान आणि खांदे कसे भरून येतात, रनला तिसाव्या किमीच्या आसपास एनर्जी जेल नुसतं तोंडाजवळ नेलं तरी कसं ढवळतं, आणि तेव्हा "बस झालं, चाल आता" असं डोक्यात कोण बोलायला लागतं, सगळं आत्ताच दिसतंय. त्यात टेपर चालू, म्हणजे रेसच्या आधी ट्रेनिंग कमी करायचं. ट्रेनिंग निम्म्यावर आणलं तर सहा महिने गप्प असलेला उजवा गुडघा दुखायला लागला. रात्री तीनला जाग येते आणि मी उठून ट्रान्झिशनच्या (पोहणं-सायकल-रन बदलतानाच्या सामानाच्या) बॅगा उघडून बघतो. जुनेजाणते लोक शेवटच्या आठवड्यात डोकं कसं सांभाळता? फक्त "पॉझिटिव्ह राहा" नका सांगू, ते करून झालंय.

खारं_पाणी:
गुडघ्याचं आधी. टेपरमध्ये हे मला दर वेळी होतं, कधी पोटरी कधी टाच, शरीराला काम कमी मिळालं की लक्ष सगळं तिकडेच जातं. सूज असेल किंवा लंगडत असाल तर फिजिओला दाखवा, नसेल तर सोडून द्या. आणि झोपेचं टेन्शन घेऊ नका, आदल्या रात्री कुणालाच नीट झोप लागत नाही, शुक्रवारची रात्र पूर्ण झोपून काढा म्हणजे झालं.

पहाटेची_राईड:
अकरा झाल्यात माझ्या. भीती जावी म्हणून मी आता काहीच करत नाही, ती येतेच, आणि ज्याला यायला हवी त्यालाच येते. मी एक करते, वही घेऊन बसते आणि जे जे बिघडू शकतं ते लिहिते, आणि प्रत्येकापुढे मी काय करणार ते. गॉगल निघाला तर पाठीवर वळायचं, घालायचा, परत निघायचं. पोट बंद पडलं तर दहा मिनिटं वेग कमी, फक्त पाण्याचे घोट, मग तासाला ६० ते ९० ग्रॅम कार्बच्या हिशोबावर हळूहळू परत यायचं. हे निर्णय घरी शांत डोक्याने घ्यायचे असतात, तिसाव्या किमीला डोकं निर्णय घ्यायच्या लायकीचं नसतं. ट्रायथलीट क्रिसी वेलिंग्टनचं २००८ चं कोना, म्हणजे हवाईतली आयर्नमॅन वर्ल्ड चॅम्पियनशिप, आठवा, पुढे असताना टायर पंक्चर, हवा भरायची काडतुसं वाया गेली, रस्त्याच्या कडेला उभी राहिली, शेवटी मागून आलेल्या एका प्रतिस्पर्धीने आपलं काडतूस दिलं. एवढा वेळ गेल्यावर सायकलवर परत बसून ती रेस जिंकली. पाय तर तिचे भारी होतेच, पण मला त्या उभं राहण्यातल्या मिनिटांचं जास्त अप्रूप आहे.

मंद_पण_पक्का:
ताईंचं पटतं पण मला ती यादी मानवत नाही, लिहायला बसलो की यादी वाढतच जाते. मी पूर्ण दिवसाचा विचारच करत नाही, पुढचं एड स्टेशन (पाणी-खाणं मिळतं तो थांबा), बस. आणि टाइमचं टार्गेट घरी ठेवून जातो. २०१७ ला कोनालाच यान फ्रोडेनो, तिथला लागोपाठ दोन वर्षांचा चॅम्पियन, पाठ धरली म्हणून मॅरेथॉनमध्ये चालत होता, तरी फिनिश लाइन गाठूनच थांबला. लांबपल्ला, तुम्ही यावेळी आकडा ठरवलाय का? मला वाटतं भीती त्या आकड्याची आहे.

लांबपल्ला:
हो, ठरवलाय. बारा तासांच्या आत. कुणाला सांगितलं नव्हतं, घरी सुद्धा नाही, आणि आत्ता तुमचं वाचून लक्षात आलं की रात्री तीनला बॅग उघडतो तेव्हा मनात स्प्लिट्सचीच (प्रत्येक टप्प्याच्या वेळेचीच) बेरीज चालू असते. घड्याळातली एकूण वेळेची स्क्रीन काढून टाकली आत्ताच, फक्त हार्ट रेट ठेवलाय. ताई, वही घेतलीये, पण पाचच ओळी लिहिणार, पहिली पोटाची. गुडघा बघितला, सूज नाही.