मॅच चालू असताना फाटकाला कुलूप कशासाठी?

डावा विंगर
मागच्या रविवारी आमच्या गावात फुटबॉल स्पर्धेची सेमीफायनल झाली. गावाचं नाव सांगत नाही, मराठवाड्यातलं आहे एवढं पुरे. सात-सात जणांची स्पर्धा, भाड्याचे लाइट, बल्ल्या-बांबूचे कठडे. फाटकावर आधी ताशा काढून घेतला, मग झेंड्याची काठी, मग पाण्याची बाटली. तेही चालवून घेतलं. पण मॅच सुरू झाली आणि मागच्या फाटकाला कुलूप पडलं. विचारलं तर उत्तर आलं, "दोन्हीकडची पोरं मागं समोरासमोर येतात."

निकाल पेनल्टीवर लागला. दीड-दोन हजार माणूस एकाच फाटकाकडं निघालं. पुढचे अडकले, मागच्यांना ते दिसेना. एक पोरगा पडला, आरडाओरडा झाला, तो ऐकून बंदोबस्तावरच्यांना वाटलं राडा सुरू झाला. काठ्या चालल्या. माझ्या चुलत भावाचं मनगट मोडलं. तो कोणाशी भांडत नव्हता, खाली वाकून चप्पल शोधत होता.

तेव्हापासून हिल्सबरो डोक्यातून जात नाही. १५ एप्रिल १९८९, इंग्लंडमधल्या शेफील्डचं फुटबॉल मैदान. हुल्लडबाज मैदानात उतरू नयेत म्हणून उभ्या प्रेक्षकांना जाळीच्या कप्प्यांत कोंडलेलं. बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी एक मोठं दार उघडलं, पण आतल्या भरलेल्या कप्प्यांकडं जाणारा बोगदा बंद केला नाही. माणसं चिरडायला लागली, जाळीवर चढायला लागली, तर ती मैदानात घुसायलेत असं समजून सुरुवातीला काहींना परत आत लोटलं. ९७ जण गेले. जो फक्त राडा शोधत बसलाय, त्याला गुदमरणारा माणूससुद्धा राडाच दिसतो. आमच्या मैदानावर तेच झालं, आकडा लहान म्हणून बातमी नाही.

रिटायर जमादार
बाळ, भावाच्या मनगटाचं वाईट वाटलं. पण ३१ वर्षं बंदोबस्त केलेल्या माणसाचंही ऐक.

आयोजकाच्या अर्जावर पाचशे प्रेक्षक लिहिलेले असतात, कारण जास्त लिहिले तर अटी वाढतात. येतात दोन हजार. त्याच दिवशी कोणाचा तरी दौरा असतो, कुठं मिरवणूक असते. मॅचच्या वाट्याला येतो एक फौजदार, चार शिपाई आणि बाकी होमगार्ड, तेही पहाटे पाचपासून उभे. लघवीला जायची सोय नाही, डबा गाडीत नासतो. अशा माणसाच्या मागून एकदम शंभर जणांचा ओरडा आला, तर तो आधी मागं वळून बघेल की आधी काठी उचलेल?

आणि राडा होत नाही असं म्हणू नका. डिसेंबर २०१२ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर गॅलरीतून आलेला दगड मोहन बागानच्या रहीम नबीच्या तोंडावर बसला. त्याचा संघ मध्यंतरानंतर मैदानातच आला नाही. तो दगड प्रेक्षकानंच मारला होता ना? मग बाटली काढून घेतली की तोंडं वाकडी कशाला करता?

डावा विंगर
काका, बाटलीबद्दल माझी तक्रारच नाही. कुलुपाबद्दल बोलतोय.

शिस्तप्रिय
जमादार साहेबांशी सहमत. चार पोरांना मुद्दाम धडा शिकवावाच लागतो. त्या इंग्लंडचंच घ्या. जुलै २०२१ ला लंडनच्या वेम्बली मैदानावर युरोची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेची फायनल होती, तर तिकीट नसलेले दोनेक हजार जण दारं फोडून आत घुसले. अपंगांसाठीचं दारसुद्धा सोडलं नाही. अशांना तुम्ही हात जोडून 'या बसा' म्हणणार? तिथं हुल्लडबाजाला मैदानबंदी होते, परदेशात मोठी स्पर्धा असली की पासपोर्ट जमा करावा लागतो. आपल्याकडं मात्र काठी उगारली की लगेच मानवाधिकार.

डावा विंगर
तिथली मैदानबंदी कोर्ट घालतं, एका माणसावर, पुरावा बघून. माझ्या भावाला कोणतं कोर्ट लागलं? आणि तिथंही सगळ्यांना एकाच मापानं मोजलं की चुकतंच. २००८ ला स्टोक सिटीचे ऐंशीएक समर्थक मँचेस्टरजवळ एका पबमध्ये शांत बसलेले. पोलिसांनी त्यांना बळजबरी बसमध्ये कोंबून मॅच न बघताच परत गावाला पाठवलं. वाटेत लघवीलाही उतरू दिलं नाही. पुढं पोलिसांना भरपाई द्यावी लागली.

राहिला प्रश्न दोन गट भिडण्याचा. १ ऑक्टोबर २०२२, इंडोनेशियातलं मलंग. पाहुण्या संघाच्या समर्थकांना मैदानात येऊच दिलं नव्हतं, म्हणजे भिडायला समोर कोणी नव्हतंच. यजमान संघ हरला, लोक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि तोही गॅलरीकडं. बाहेर जायची दारं अरुंद, काही बंद. १३५ माणसं मेली. फिफाच्या नियमात मैदानात असला धूर वापरायला मनाई आहे, तरी.

लातूरची गोलकीपर
इथं सगळे दादा लोक बोलताहेत म्हणून लिहिते. मी स्वतः खेळते आणि मॅच बघायलाही जाते. पोलिस नसते तर घरून सोडलंच नसतं. कठड्यामागून आमच्याकडे बघून जे ओरडतात ते इथं लिहिता यायचं नाही. दोन वर्षांपूर्वी एका महिला शिपायानं एका टोळक्याला नुसतं नाव विचारलं, "तुझं नाव काय? वडील काय करतात?" काठी नाही, शिवी नाही. सगळे गप. त्यामुळे बंदोबस्त कमी करा म्हणणाऱ्यांबरोबर मी नाही. पण विंगर दादाच्या कुलुपाबद्दल मी त्याच्या बाजूने आहे, कारण धक्काबुक्की झाली की त्या गर्दीत आधी आमच्या अंगावर हात येतात.

फडकरी
आमच्याकडं उरसातल्या कुस्त्याला पाच हजार माणूस बसतंय. पोलिस किती? चार. ते पण शेवटच्या कुस्तीला येतेत, नारळ घेऊन जातेत. फड सांभाळतेत कोण, तर जुने वस्ताद. आखाड्याच्या कडंला काठी घेऊन फिरतेत, पण मारायलेत कुठं? नुसतं "ए, बस खाली" म्हनले की माणूस बसतंय, कारण वस्तादाला त्याचा बाप माहीत हाय. तुमच्या फुटबॉलवाल्यानी असे चार माणसं कामून उभे करू नयेत?

रिटायर जमादार
फडातले राडे मी मिटवलेत भाऊ, नारळही खाल्लाय. फडात माणूस खाली बसलेला असतो, निकालावर टाळ्या वाजवतो आणि पुढच्या जोडीकडं बघतो. फुटबॉलला गल्ली विरुद्ध गल्ली असते, नव्वद मिनिटं तापत जाते. तरीही तुमचं म्हणणं अर्धं पटतं.

हावड्याचा नांदेडकर
नांदेडचा, आठ वर्षं कोलकात्यात नोकरी. फडकरी दादांचा मुद्दा जगात करून बघितला गेलाय. २००४ चा युरो पोर्तुगालमध्ये झाला, तेव्हा मोठ्या शहरांतल्या पोलिसांनी साध्या वर्दीत, दोघा-दोघांनी प्रेक्षकांत फिरायचं, बोलायचं, दंगलीचं पथक नजरेआड ठेवायचं असं ठरवलं. तिथं इंग्लिश समर्थक बहुतेक शांत राहिले. तिथल्याच अल्बुफेरा गावचा बंदोबस्त दुसऱ्या दलाकडं होता, जुन्या पद्धतीचा. दंगे झाले ते तिथं.

उलट उदाहरण आमच्या इथलं. १८ ऑगस्ट २०२४ ची ड्युरंड कपची डर्बी, म्हणजे कोलकात्याच्या दोन मोठ्या क्लबांची मॅच, सुरक्षेचं कारण देऊन रद्द केली. आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीसाठी शहर पेटलेलं होतं. मग मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, जन्माचे वैरी, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून स्टेडियमबाहेर जमले. त्यांच्यावर लाठीमार झाला. सामन्याला माणूसबळ नव्हतं, त्यांना हाकलायला कुठून आलं, हे इथं अजून विचारतात.

पण जमादार काकांचं पण खरंय. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर याच दोन क्लबांच्या मॅचला १६ जण गेले, आणि सुरुवात गॅलरीतल्या मारामारीनंच झाली होती.

शिस्तप्रिय
एवढं जगभर फिरण्यापेक्षा सरळ बंदोबस्ताचं पूर्ण शुल्क आयोजकांकडून घ्या. पैसे मोजले की गर्दीही मोजतील.

डावा विंगर
मुंबईच्या टी-ट्वेंटीला बंदोबस्ताचे ७० लाख होते, २०२३ मध्ये ते १० लाखांवर आणले. तिथं खेळणारे कोण आणि आमच्याकडं ट्रॉफीसाठी पेठेत पावती फाडणारे कोण! शुल्क लावलं की स्पर्धाच बंद पडेल, मग कुलुपाचा प्रश्नही मिटला म्हणा.

बरं, काम झालंय तेवढं सांगतो. काल आयोजकांना भेटलो. फायनल येत्या रविवारी आहे. दोन्ही संघांचे दोन-दोन थोरले फाटकावर उभे राहणार. एका कोपऱ्यात बायकांसाठी कठडा टाकतो म्हणाले. मॅच संपायच्या दहा मिनिटं आधी मागचं फाटक उघडायचं, यालाही सगळे हो म्हणाले. अडलंय ते किल्लीवर. आयोजक म्हणतात रखवालदाराकडं, रखवालदार म्हणतो त्या दिवशी बंदोबस्तवाल्यांनी नेली, तिकडं विचारलं तर म्हणतात आम्ही किल्ली घेतच नसतो. काका, मागू कोणाकडं?

रिटायर जमादार
किल्ली मागू नको, रविवार निघून जाईल. शनिवारी आयोजकाला बरोबर घेऊन जा, रखवालदारासमोर कुलूपच काढा आणि फाटक सुतळीनं बांधा.

फडकरी
आन सुतळी पण सरगाठीची मारा, न्हाईतर तीच सोडत बसताल.