रनफ्लॅट काढून साधे टायर घालावेत का?

भटका_चालक:
गाडीला कंपनीतूनच रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर) आलेत, साइझ २२५/५० आर १७. नक्षी पार झिजली, आता चारही बदलायचेच आहेत. प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जाणवतो, म्हणून यावेळी साधे ट्यूबलेस घालावेत असं डोक्यात आहे. पण डिकीत स्टेपनी नाही, तिच्यासाठी जागाही नाही. रिम बदलाव्या लागतील का? टायरवाला म्हणतो, "काही होत नाही, बिनधास्त घाला." मला त्याच्या बिनधास्तपणाचीच धास्ती वाटते.

नटबोल्ट:
रिम त्याच राहू द्या. हवा गेली तरी टायर निसटू नये म्हणून त्यांच्या कडेचा उंचवटा जरा मोठा असतो, इतकंच. साधा टायर त्यावर व्यवस्थित बसतो.

रनफ्लॅटच्या बाजूच्या भिंतीत जास्तीचं जाड रबर असतं. हवा गेल्यावर गाडीचा भार तीच पेलते, म्हणून तर ताशी ८० च्या आत राहून साधारण ८० किलोमीटर जाता येतं. पण पंक्चर नसतानाही ती भिंत तेवढीच ताठ असते, आणि रोज तेच तुमच्या मणक्याला कळतं. मी बदलले तेव्हा बारीकसारीक खडखड गेली. मोठा खड्डा मात्र मोठाच राहिला, फार आशा लावू नका. वळणावर गाडी किंचित ढिली वाटते, त्याची सवय होते.

साइझ तीच घ्या, लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो) आणि स्पीड रेटिंग (किती वेग झेपतो) मूळ टायरपेक्षा कमी नको. आणि चारही एकदम बदला. दोन असे, दोन तसे हा प्रकार नकोच.

रातराणी_८:
मी मुद्दाम रनफ्लॅटच ठेवलेत. रात्री हायवेवर एकटीच असते, अंधारात उतरून चाकाशी झटापट करायची नाही मला. मणका दुखला तर दुखला.

नटबोल्ट:
ताई, तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. साध्या टायरची बाजू फाटली तर सीलंट (आत भरायचं भोक बुजवणारं द्रव), प्लग (भोकात घालायची रबरी पट्टी) काहीच चालत नाही, सरळ टोइंग.

भटका_चालक:
मी बहुतेक शहरातच फिरतो, त्यामुळे साधेच घेतो. मग सोबत काय ठेवू? आणि प्रेशरचा दिवा चालेल ना?

नटबोल्ट:
दिवा चालेल. चाकात सेन्सर असतील तर टायर उतरवताना ते जपायला सांगा. काही गाड्यांत सेन्सरच नसतात, एबीएस (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चाकांच्या फिरण्यातल्या फरकावरून हवा कमी झाल्याचं ओळखतं. कसंही असलं तरी टायर बदलल्यावर हवा नीट भरून सिस्टीम रीसेट करा.

सोबत प्लग किट, कंप्रेसर आणि सीलंटची बाटली. खिळा दिसला तर आधी प्लग. सीलंट अगदीच नाइलाज झाला तर, कारण आत सगळा चिकट राडा होतो आणि पंक्चरवाला आपल्याकडे असा बघतो की विचारू नका. बाटलीला एक्सपायरी असते. कंप्रेसर गाडीच्या सॉकेटवर चालणारा घ्या, आणि त्याची वायर मागच्या चाकापर्यंत पुरते का ते घेतानाच बघा.