प्रॅक्टिकल शूटिंगचं पहिलं पिस्तूल: साधं ९ एमएम घ्या, उरलेले पैसे गोळ्यांना ठेवा

टेक्सासकर

आमच्या मंडळातल्या एका मित्राला यूएसपीएसए या इथल्या प्रॅक्टिकल शूटिंग संघटनेच्या मॅचेस खेळायला सुरुवात करायची आहे. ग्रीन कार्ड आहे, घरच्यांचा विरोध नाही, उत्साह भरपूर. तो दुकानात गेला, तर तिथल्या माणसाने त्याच्यापुढे थेट २०११ धाटणीचं (हे साल नाही, पिस्तुलाच्या प्रकाराचं नाव), अडीच हजार डॉलरच्या पुढचं पिस्तूल ठेवलं. म्हणे, स्पर्धेत उतरायचं तर हेच हवं. मला हे मुळीच पटलेलं नाही.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. एका जागी उभं राहून काळ्या वर्तुळावर नेम धरायचा हा प्रकार नाही. १९७६ साली मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी आयपीएससी या खेळाच्या जागतिक संघटनेची स्थापना झाली. अमेरिकेत १९८४ पासून यूएसपीएसए हा खेळ चालवते. टायमर वाजला की होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं, पळत, आडोशांमागून, खिडक्यांतून पुठ्ठ्याच्या टार्गेटांवर बहुतेक वेळा दोन-दोन गोळ्या मारायच्या, वाटेत मॅगझिन बदलायचं. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद म्हणजे हिट फॅक्टर. तुमची गुणवत्ता या एका आकड्यात येते.

माझं मत सरळ आहे. पहिलं पिस्तूल पॉलिमर फ्रेमचं, स्ट्रायकर पद्धतीचं (म्हणजे बाहेर घोडा नसलेलं), पूर्ण आकाराचं ९ एमएम असावं. ग्लॉक १७ किंवा ३४, एम अँड पी, वॉल्थर पीडीपी, यांतलं हाताला बसेल ते. अडीच हजारांच्या जागी सहाशे डॉलर खर्च केले, तर १९०० डॉलर उरतात. तीस सेंटला एक राउंड, म्हणजे एक गोळी, धरला, तरी सहा हजारांहून जास्त राउंड होतात. साध्या क्लब मॅचला दीडशेच्या आसपास राउंड लागतात, म्हणजे बाकी सराव धरूनही वर्षभराची बेगमी झाली.

मेजर-मायनरचा मोहही नवख्यांना फार पडतो. गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले फूट प्रतिसेकंदातला वेग, भागिले हजार, हा पॉवर फॅक्टर. १२५ भरला की मायनर, १६५ भरला की मेजर. दुकानात मिळणारी १२४ ग्रेनची ९ एमएम ११०० फुटांच्या वेगाने सुटली, तर १३६ भरते, म्हणजे मायनर आरामात. टार्गेटच्या मधल्या 'ए' झोनला दोघांनाही ५ गुण. त्याभोवतीच्या 'सी'ला मेजरवाल्याला ४ आणि मायनरवाल्याला ३. आता २४ गोळ्यांची स्टेज घ्या. दोघांचेही १८ 'ए', ६ 'सी', दोघांनाही १८ सेकंद. मेजरवाल्याचे ११४ गुण, हिट फॅक्टर ६.३३. मायनरवाल्याचे १०८, हिट फॅक्टर ६.००. पण मायनरवाल्याने एक सेकंद वाचवला की तो ६.३५ ला जातो आणि पुढे निघतो. नवा खेळाडू एका मॅगझिन बदलीत दोन-तीन सेकंद घालवतो. तो सेकंद पैशाने मिळत नाही, घरी रिकाम्या पिस्तुलावर सराव करूनच मिळतो.

डॅलस_कोथरूड

२०११ नको, इथपर्यंत मान्य. त्यापुढचं नाही.

हलकं प्लास्टिक पिस्तूल नवख्याला शिकायला सोपं असतं, हे कुणी ठरवलं? ग्लॉक १७ मॅगझिनशिवाय साधारण ६३० ग्रॅम. सीझेड शॅडो २ साधारण १३०० ग्रॅम, दुप्पट. दर गोळीला हा फरक मनगटात जाणवतो. जड स्टीलचं पिस्तूल कमी उसळतं, साइट (नळीवरची नेम धरायची खूण) लवकर जागेवर येते, आणि मुख्य म्हणजे माणूस दचकायला शिकत नाही. एकदा का गोळी सुटायच्या आधी मनगट खाली ढकलायची सवय लागली, की ती घालवायला महिनोन्महिने जातात. वरून शॅडोचा चाप पहिल्या गोळीनंतर इतका हलका आणि स्वच्छ तुटतो, की आपली चूक आपल्याला लगेच दिसते.

पैशाचं म्हणाल, तर ज्याला हा खेळ आवडतो तो वर्षाच्या आत साधं पिस्तूल विकून स्टीलचंच घेतो. मग होल्स्टर नवं, मॅगझिनं नवी, पाउच नवे. दोनदा खर्च करण्यापेक्षा एकदाच नीट घ्या. शॅडो २ वापरलेलं विकायला काढलं, तरी चांगली किंमत येते.

टेक्सासकर

कोथरूडकर, वजनाचा मुद्दा खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण मी आमच्या क्लबात नव्या लोकांची सेफ्टी ओरिएंटेशन घेतो, त्यामुळे माझं लक्ष आधी दुसरीकडे जातं.

प्रॉडक्शन किंवा कॅरी ऑप्टिक्स या डिव्हिजनमध्ये (पिस्तुलाच्या प्रकारानुसार केलेले स्पर्धेतले गट) शॅडोवाल्याला घोडा खाली ठेवून सुरुवात करावी लागते. म्हणजे 'मेक रेडी' ही पिस्तूल भरायची आज्ञा झाल्यावर राउंड चेंबरमध्ये चढवायचा, मग अंगठ्याने घोडा धरून चाप दाबायचा आणि भरलेल्या चेंबरवर तो घोडा हळूहळू खाली सोडायचा. शॅडो २ ला डीकॉकर (घोडा सुरक्षितपणे खाली घेणारा खटका) नाही, सगळं अंगठ्यावर. हातांना घाम, शेजारी रेंज ऑफिसर टायमर धरून उभा, मागे सगळा स्क्वॉड बघतोय. अंगठा निसटून गोळी सुटली, तर मॅच तिथेच संपली, डीक्यू, म्हणजे बाद. पहिल्याच मॅचला माणसाने हे का करावं?

त्यानंतर पहिली गोळी लांब, जड चापाची आणि दुसरी हलकी. स्ट्रायकरला पहिल्यापासून शेवटच्या गोळीपर्यंत चाप एकसारखा. आधी एक चाप तर नीट दाबायला शिकू दे.

डॅलस_कोथरूड

घोडा खाली घेणं घरी रिकाम्या पिस्तुलावर आठवडाभर घोटलं की अंगवळणी पडतं. आणि तेही नको असेल, तर लिमिटेड ऑप्टिक्समध्ये तेच शॅडो घोडा चढवून, सेफ्टी लावून होल्स्टरमध्ये ठेवता येतं. डिव्हिजन निवडायची मुभा आहे, ती वापरा.

रंकाळा_२५मीटर

मी आयएसएसएफ, म्हणजे ऑलिम्पिक पद्धतीच्या नेमबाजीकडून आलेलो, कोल्हापूरचा. आमच्याकडे २५ मीटर रॅपिड फायरला .२२ च्या पिस्तुलाने पाच टार्गेटांवर पाच गोळ्या, आधी ८ सेकंदांत, मग ६, मग ४. राही सरनोबतने २०१८ ला जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं, तेव्हा आमच्या गल्लीत दिवाळी होती. भारतात ९ एमएम प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, त्यामुळे साध्या परवान्यावर तुमचा खेळ इथे उभा राहू शकत नाही. पण नेमाचं शास्त्र तेच आहे.

म्हणून सांगतो, वजन आणि चाप यावर भांडण्याआधी ओपन साइटवर, म्हणजे डॉट नसलेल्या साध्या साइटवर, हात बसवा. पुढची साइट स्पष्ट, टार्गेट धूसर, चाप सरळ मागे. हे ज्याला येतं तो कुठल्याही पिस्तुलावर उभा राहील. हल्ली सगळे पहिल्या दिवसापासून रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) लावतात, ते मला चूक वाटतं. डॉट चुका झाकतो.

मीनल_एडिसन

रंकाळादादा, राहीचं नाव वाचून ऊर भरून आला, पण डॉटबद्दल मी तुमच्या पूर्ण विरोधात आहे.

मला चाळिशी लागली आहे. हात लांबवला की पुढची साइट म्हणजे नुसता धुरकट पट्टा. डॉटवर नजर टार्गेटवरच ठेवायची असते आणि लाल ठिपका त्यावर येऊन बसतो, चष्म्याचा प्रश्नच मिटतो. आणि डॉट चुका झाकत नाही, उलट चव्हाट्यावर आणतो. ओपन साइटवर मनगट हललेलं कळत नाही. डॉट मात्र चाप दाबताना खाली गचका खातो, तो डोळ्यांना दिसतो. मी भिंतीवर छोटी चिठ्ठी लावून, रिकाम्या पिस्तुलावर रोज हेच बघते. सुरुवातीला होल्स्टरमधून काढल्यावर डॉट सापडतच नाही, कारण नळीचं तोंड वर राहतं. तेही या चिठ्ठीसमोरच सुटलं.

माझा दुसरा मुद्दा टेक्सासकरांना. तुमच्याकडे दुकानात जाऊन पिस्तूल घेता येतं. न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनला वेगळं परमिट काढावं लागतं. 'आधी साधं घ्या, मग बदला' हे तुम्हाला सोपं आहे, आम्हाला नाही. शिवाय आमच्याकडे मॅगझिन १० राउंडांचंच. मोठ्या मॅगझिनसाठी अमुक पिस्तूल घ्या, हा सल्ला इथे निरुपयोगी. मी पहिल्यापासून डॉट बसवता येईल अशी स्लाइड असलेलं पीडीपी घेतलं आणि तेच वापरते आहे.

टेक्सासकर

मीनलताई, परमिटचा मुद्दा बिनतोड. न्यू जर्सीतल्या माणसाला मी यापुढे हाच सल्ला देईन, की पहिल्याच खरेदीत ऑप्टिक्स रेडी स्लाइड बघा. पण तुमचं पीडीपी हे पॉलिमर, स्ट्रायकर, ९ एमएमच आहे, एवढं कोथरूडकरांच्या नजरेस आणून देतो.

नवा_ह्यूस्टनकर

मी एच-१बी वर आहे. पिस्तूल विकत घेत नाही, पण रेंजवर भाड्याने घेऊन सराव चालेल ना?

टेक्सासकर

नाही, इथे घाई करू नका. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि रेंजवर भाड्याने घेऊन हातात धरणं हेही बाळगण्यातच धरलं जाऊ शकतं. वैध शिकार परवान्यासारखे काही अपवाद कायद्यात आहेत, पण ते इमिग्रेशनच्या वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय पिस्तुलाला हात लावू नका. पुढचं ग्रीन कार्ड यावर अडकू शकतं. तोवर मॅच बघायला या, टार्गेटांवर चिकट पट्ट्या लावायला आम्हाला माणसं नेहमी कमी पडतात.

आजोळ_वाई

घरात लहान मुलं असतील, तर त्या १९०० डॉलरमधून आधी चांगली तिजोरी घ्या, मग गोळ्या. आणि सराव करायच्या खोलीत एकही जिवंत गोळी नको. हे इतक्या प्रतिसादांत कुणीच लिहिलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

टेक्सासकर

आजोबा, बरोबर आहे. हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

डॅलस_कोथरूड

तिजोरीला माझंही अनुमोदन. पिस्तुलाबाबत माझं मत तेच राहील. टेक्सासकर, तुमच्या मित्राने अजून काही घेतलेलं नाही ना? मग माझं शॅडो रविवारी घेऊन येतो. मॅच संपल्यावर एकाच टार्गेटवर, सात यार्डांवर, दोन्ही पिस्तुलांनी पाच-पाच गोळ्या मारू दे. कागदावर काय उमटतं ते बघून त्याने ठरवावं, आपण दोघांनी गप्प राहायचं.

टेक्सासकर

कबूल. मी माझं ग्लॉक आणतो. माझी एकच अट आहे: त्याने पाच गोळ्या सावकाश नाही, टायमरवर मारायच्या, कारण सावकाश मारताना जड पिस्तूल नेहमीच छान वाटतं. मीनलताईंच्या म्हणण्याप्रमाणे डॉट लावलेलं एक पिस्तूलही स्क्वॉडमधल्या कुणाकडून मागून घेतो.

मित्र हे वाचतोच आहे, म्हणून त्याच्यासाठी: रविवारी साडेआठला ये. कानाचे मफ, डोळ्यांचा चष्मा, टोपी आणि पाणी आण. आमची रेंज कोल्ड आहे, म्हणजे रेंज ऑफिसरच्या आज्ञेशिवाय कुणाचंच पिस्तूल भरलेलं नसतं. सेफ एरियात पिस्तूल हाताळता येतं, पण तिथे गोळ्यांना हात लागला तर डीक्यू, मग त्या डमी का असेनात. पळताना बोट चापाबाहेर आणि नळीचं तोंड कायम पुढच्या दिशेला, १८० अंशांच्या रेषेमागे कधीच नाही. पावणेनऊला ओरिएंटेशन सुरू करतो.