बंधारा असून पूर का येतो?

एकांनी विचारलंय, चिकोडी तालुक्यातला कल्लोळ-येडूर बंधारा असताना कृष्णेचा पूर का अडत नाही? अहो, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचं ते कामच नव्हे. पावसाळा सरला की खांबांमधल्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालायचे, उन्हाळ्यासाठी पाणी धरायचं आणि मृगाच्या आत बरगे काढून नदीला वाट द्यायची. काढायला उशीर झाला तर ओंडके, जलपर्णी सगळं बरग्यांना तटतं, पाणी फुगतं आणि कडेने वाट काढतं. कुणाचं तरी रान तुटून जातं. दूधगंगा-वेदगंगेवरही हेच.

पूर थोडाफार आवरता येतो तो वर महाराष्ट्रातल्या कोयना, काळम्मावाडी धरणांत आणि खाली कर्नाटकात हिप्परगी, अलमट्टीची दारं वेळेत उघडून. त्यासाठी दोन्ही राज्यांचे अभियंते एकमेकांशी बोलत राहायला हवेत. २०१९ च्या महापुरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

आणि बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना गाडी घालणाऱ्या पोरांना आवरा कुणीतरी. पाणी घोट्याएवढं दिसतं, पण ओढ जबर असते. खालच्या अंगाला पाणी उलटं फिरून माणसाला परत बंधाऱ्याकडेच खेचतं, पट्टीचा पोहणारासुद्धा तिथे अडकतो. बॅरिकेड लावलं तर हे पठ्ठे ते बाजूला सारून जातात!