शाळेचा टॅक्स घराच्या किमतीवर का? (टेक्सास)

नवीन_घर:
नमस्कार मंडळी, गेल्या वर्षी डॅलसच्या उत्तरेला घर घेतलं, आता पहिलं प्रॉपर्टी टॅक्स बिल आलंय. काउंटी, सिटी, कम्युनिटी कॉलेज अशा सगळ्या ओळी आहेत पण निम्म्याहून जास्त रक्कम एकट्या स्कूल डिस्ट्रिक्टची! माझ्या घराच्या किमतीचा आणि शाळेचा काय संबंध? बरं, आजूबाजूच्या घरांच्या किमती इतक्या वाढल्यात, म्हणजे शाळेकडे पैसे वाढले असणार ना, मग लेकीच्या शाळेतली आर्ट टीचरची पोस्ट बजेट नाही म्हणून का काढली? ती रोज घरी येऊन विचारते, मला सांगता येत नाही.

डॅलसकर:
इथे स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे सिटीचं खातं नाही, ते वेगळंच सरकार आहे, स्वतःचं निवडून आलेलं बोर्ड, स्वतःचा टॅक्स रेट. रेट दर १०० डॉलरमागे असतो. समजा घर ५ लाखांचं, होमस्टेडची (स्वतः राहत असलेल्या घरासाठीची) १ लाख ४० हजार सूट वजा केली, उरले ३ लाख ६० हजार, रेट १.१० धरला तर ३,९६० डॉलर.
आता आर्ट टीचरचं. प्रत्येक मुलामागे किती पैसे मिळायला हवेत हे राज्याचा फॉर्म्युला ठरवतो. तुमच्या भागातून टॅक्स जास्त जमला की राज्य स्वतःचा वाटा तेवढा कमी करतं, त्यामुळे तुम्ही जास्त भरलं तरी शाळेच्या हातात बहुतेक वेळा तेवढेच पैसे राहतात. २०१९ पासून बेसिक अलॉटमेंट, म्हणजे या फॉर्म्युलातली मूळ रक्कम, मुलामागे ६,१६० डॉलरवर अडकलेली, २०२५ मध्ये वाढली ती फक्त ५५ डॉलरने, आणि मधल्या काळात महागाई कुठच्या कुठे गेली. मला याचा खरंच राग येतो.
आणखी एक, बिलातल्या शाळेच्या रेटचे दोन भाग असतात. एम अँड ओ म्हणजे पगार, वीज, रोजचा खर्च. आय अँड एस म्हणजे बाँडचं कर्ज फेडायला, त्यातून पगार देता येत नाही. म्हणून नवीन स्टेडियम उभं राहतं आणि त्याच वर्षी टीचर जाते, लोक बोर्डावर चिडतात पण पैसे इकडचे तिकडे करायला कायद्याने बंदी आहे.

जर्सीकर:
आमच्याकडे न्यू जर्सीत उलटं आहे. आधी शाळेचं बजेट ठरतं, मग ती रक्कम गावातल्या घरांवर किमतीच्या प्रमाणात वाटली जाते, म्हणजे सगळ्यांच्याच किमती सारख्या वाढल्या तर नुसत्या त्यामुळे टॅक्स वाढत नाही. लेव्ही, म्हणजे टॅक्समधून गोळा करायची एकूण रक्कम, वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही असा कायदा २०१० मध्ये आला, काही अपवाद आहेत. हवाईमध्ये तर अख्ख्या राज्याचा एकच डिस्ट्रिक्ट, शाळांसाठी लोकल प्रॉपर्टी टॅक्स नाहीच.

जुना_टेक्सासी:
राज्य मध्ये का पडतं हे कळायला सॅन अँटोनियोची केस बघा. एजवूड हा गरीब डिस्ट्रिक्ट, १९६७-६८ मध्ये तिथले लोक १०० डॉलरमागे १.०५ भरायचे आणि त्यातून मुलामागे मिळायचे २६ डॉलर. त्याच शहरातल्या अलामो हाइट्समध्ये रेट फक्त ०.८५, तरी मुलामागे ३३३! म्हणजे रेट जास्त असून उपयोग नाही, घरंच स्वस्त असली तर जमणार काय? डेमेट्रिओ रॉड्रिगेझ आणि एजवूडच्या इतर पालकांची केस अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९७३ मध्ये ते ५-४ ने हरले, शिक्षण हा फेडरल घटनेतला मूलभूत हक्क नाही असं कोर्ट म्हणालं. मग एजवूडने राज्याच्या कोर्टात लढून १९८९ मध्ये निकाल मिळवला आणि त्यातून १९९३ चा रिकॅप्चर कायदा आला, श्रीमंत डिस्ट्रिक्टचा जादा पैसा राज्याकडे जातो तो. आमचा डिस्ट्रिक्ट त्यात भरतो, मला तो कायदा बरोबरच वाटतो, माझी तक्रार एवढीच की तो पैसा आला की राज्य स्वतःचा हात आखडता घेतं.
बाय द वे, होमस्टेडचा अर्ज केलाय ना? आपोआप मिळत नाही, काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे (घरांची किंमत ठरवणारं ऑफिस) भरावा लागतो.

नवीन_घर:
नाही केला! बिल परत काढून बघितलं, सूट शून्य दिसतेय. फॉर्म डाउनलोड केलाय, आज रात्रीच भरतो. आणि लेकीला घेऊन पुढच्या बोर्ड मीटिंगला जाणार आहे, एम अँड ओ मधून नेमकं काय काय कापलंय ते विचारायला.